होमर मूळ ग्रीकमध्ये वाचायचाय? कोश कोणता घ्यायचा, कधी आणि कसा वापरायचा

ग्रीक लिपी गिरवून झाली आहे, प्राथमिक व्याकरणाचं एखादं पुस्तक संपत आलं आहे आणि आता इलियड किंवा ओडिसी उघडायची, असं ठरवलेल्यांसाठी हा लेख आहे. या टप्प्यावर बहुतेक जण सगळ्यात मोठा, सगळ्यात नावाजलेला कोश उघडतात आणि पहिल्या दहा ओळींतच दमून जातात. त्यात त्यांच्या अभ्यासाचा दोष नसतो. तो कोश हजारेक वर्षांचं ग्रीक कवेत घेतो आणि होमर म्हणजे त्याचं सगळ्यात जुनं टोक. शिवाय होमरची भाषा कुणाच्या रोजच्या बोलण्यातली कधीच नव्हती. आयोनिक, आयोलिक या ग्रीक बोली आणि त्यांहून जुनी रूपं यांची ती सरमिसळ पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांनी हेक्झामीटर वृत्ताच्या मापात घडवली.

ज्यांनी संस्कृत केलं आहे त्यांना ही अडचण लगेच कळेल. आपट्यांचा कोश उत्तम, पण तो घेऊन ऋग्वेद वाचायला बसलं की पानोपानी अडखळायला होतं. त्यासाठी ग्रासमानचा ऋग्वेदापुरता कोश लागतो. होमरचंही तसंच आहे. योगायोग असा की ग्रासमानचा ऋग्वेदकोश आणि आउटेनरीथचा होमरकोश हे दोन्ही १८७३ साली, लाइपझिगमध्येच निघाले.

माझं म्हणणं एवढंच की आधी फक्त होमरचा छोटा कोश, मग फक्त होमरचा मोठा कोश, आणि सर्वसाधारण महाकोश सगळ्यात शेवटी. शिकवणाऱ्यांतही यावर मतभेद आहेत, पण एकट्याने शिकणाऱ्याला हाच क्रम सोसतो.

हाताशी काय काय हवं

- मूळ संहिता, ओळींचे आकडे नीट छापलेली. ऑक्सफर्डची किंवा शेजारी इंग्रजी भाषांतर असलेली लोब मालिकेतली, कुठलीही चालेल. आकडे नसलेली प्रत घेऊ नका. पुढची निम्मी युक्ती त्या आकड्यांवरच उभी आहे.
- आउटेनरीथचा होमरकोश (इंग्रजी आवृत्ती).
- कन्लिफचा होमरच्या बोलीचा कोश.
- फोनवर किंवा संगणकावर लोगेयॉन आणि पर्सियस ही संकेतस्थळं.
- साधा इंग्रजी कोश. हसू नका, कारण खाली येईल.
- वही.

१. वर्णक्रम आधी पाठ करा

चोवीस अक्षरं ओळखता येणं वेगळं आणि त्यांचा क्रम तोंडपाठ असणं वेगळं. झीटा सहाव्या जागी, एप्सिलॉननंतर लगेच येतं. इंग्रजी सवयीने हात शेवटच्या पानांकडे जातो. क्सी हे न्यूनंतर येतं. फी, खी, प्सी आणि ओमेगा शेवटी. शब्दाच्या सुरुवातीच्या 'ह'कारासाठी वेगळं अक्षर नाही, स्वरावरची खूणच ते काम करते आणि ती खूण वर्णक्रमात धरत नाहीत. त्यामुळे 'हिप्पोस' (घोडा) शोधायचा तो इओटाखाली.

आता एक सापळा खास आपल्यासाठी. मी या लेखात ग्रीक शब्द देवनागरीत लिहितोय, पण वहीत असं करू नका. एप्सिलॉन आणि ईटा दोन्ही देवनागरीत 'ए' होतात, ओमिक्रॉन आणि ओमेगा दोन्ही 'ओ' होतात. चार दिवसांनी वहीतला शब्द कोशात शोधायला गेलात की कुठल्या 'ए'खाली बघायचं हेच कळणार नाही. शब्द ग्रीक लिपीत, अर्थ मराठीत, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. उच्चारात मात्र आपण इंग्रजांपेक्षा सुखी आहोत. फी, थीटा, खी ही अक्षरं प्राचीन काळी महाप्राण होती, आपल्या फ, थ, ख सारखी. ती कानाला वेगळी लागतात म्हणून पान चुकत नाही.

२. पहिला कोश: आउटेनरीथ

गेओर्ग आउटेनरीथ या जर्मन अभ्यासकाने हा कोश शाळकरी मुलांसाठी केला. रॉबर्ट कीपने त्याचं इंग्रजी केलं आणि पुढे आयझॅक फ्लॅगने ते सुधारलं. त्याची मर्यादा हाच त्याचा गुण आहे. इलियडच्या १५,६९३ आणि ओडिसीच्या बारा हजारांवर ओळींबाहेरचं ग्रीक त्याला माहीतच नाही. एखाद्या शब्दाचा प्लेटोमध्ये काय अर्थ आहे, नव्या करारात काय झाला, हे तो सांगत नाही आणि आत्ता तुम्हाला त्याची गरजही नाही. नोंदी दोन-चार ओळींच्या असतात. पान उघडलं, अर्थ मिळाला, परत संहितेकडे.

त्याच्या आणखी तीन गोष्टी उपयोगी आहेत. एक, विशेषनामं त्याच वर्णक्रमात, वेगळ्या यादीत जावं लागत नाही. दोन, चित्रं: जहाजाचे भाग, रथ, चिलखत, घराचा आराखडा. ओडिसीत जहाजाच्या डोलकाठीपाशी अडलात तर दहा ओळींच्या व्याख्येपेक्षा एक चित्र बरं. तीन, संदर्भापुढची कट्यारीसारखी खूण. ती दिसली की समजायचं, हा शब्द होमरमध्ये एकदाच आला आहे. नवख्याला याचं मोल फार आहे, कारण तो शब्द पाठ करायची गरज नाही. अर्थ पेन्सिलीने समासात लिहा आणि पुढे चला.

जुना असल्याने तो स्वामित्वहक्कातून मोकळा आहे, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतो आणि पर्सियसवरही आहे. छापील हवा असेल तर मागणीनुसार छापलेल्या स्वस्त पुनर्मुद्रणांपासून सावध राहा. अस्पष्ट स्कॅनवरून काढलेल्या अशा प्रतींत स्वरांवरच्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि ग्रीकमध्ये त्या खुणाच गेल्या तर कोश गेला. घेण्याआधी आतलं एखादं पान बघायला मिळत नसेल तर घेऊच नका.

स्कॅन केलेली प्रत वापरणार असाल तर एक संध्याकाळ खर्च करून प्रत्येक अक्षराच्या पहिल्या पानाला खूण करून ठेवा. अशा स्कॅनमध्ये ग्रीक शब्दांचा शोध चालत नाही, यंत्राने वाचलेला ग्रीक मजकूर बहुधा कचरा असतो.

३. समोरचं रूप आणि कोशातला शब्द: खरी लढाई इथे आहे

कोश कितीही चांगला असो, त्यात कुठल्या शब्दाखाली बघायचं हे आधी कळावं लागतं. होमर वाचणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा सावकाश.

संस्कृत कोशात धातू शोधतो, मराठी कोशात 'करणे', 'जाणे' असं रूप शोधतो. ग्रीक कोशात वर्तमानकाळाचं प्रथमपुरुषी एकवचन शोधायचं: 'मी घडवतो', 'मी ठेवतो'. बहुतेक क्रियापदं ओमेगाने संपतात, काही 'मी'ने (तिथेमी, दिदोमी), काही 'माइ'ने (एर्खोमाइ). दिदोमी बघून 'ददामि' आठवलं ना? तिथेमी म्हणजे 'दधामि'च. संस्कृत येत असेल तर ही नाती खूप कामाला येतात, कारण तिथेमीमध्ये सुरुवातीला द्वित्व आहे आणि भूतकाळी 'एथेके'मध्ये ते नाही, हे 'दधाति' आणि 'अधात्' माहीत असणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. इलियडच्या दुसऱ्याच ओळीत हे एथेके भेटतं. एप्सिलॉनखाली बसून राहू नका, तिथेमी उघडा.

नेहमीच्या अडचणी अशा:

*भूतकाळाचा 'ए' गायब.* अभिजात ग्रीकमध्ये भूतकाळी क्रियापदाला सुरुवातीला एप्सिलॉन लागतो, संस्कृतात 'अ' लागतो तसा. होमर तो मन मानेल तेव्हा गाळतो, वेदातही 'अ' असाच गळतो. इलियडच्या चौथ्या ओळीतलं 'तेउखे' हे आज्ञार्थासारखं दिसतं, पण तो तेउखो (घडवणे, करणे) या क्रियापदाचा भूतकाळ आहे. कथनाच्या मध्येच आज्ञार्थ वाटला तर आधी हीच शंका घ्या.

*'ए' मध्येच.* उपसर्ग असला की तो एप्सिलॉन उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये येतो, 'प्र' + 'अविशत्' = 'प्राविशत्' तसा. होमरमध्ये शेकडो वेळा येणारं 'प्रोसेफे' (तो म्हणाला) पी या ग्रीक अक्षराखाली प्रोसफेमी म्हणून मिळेल.

*उपसर्ग एकीकडे, क्रियापद दुसरीकडे.* नवख्यांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट ही. इलियड १.२५ मध्ये अ‍ॅगमेम्नॉन म्हाताऱ्या पुजाऱ्याला हाकलतो तिथे 'एपि', मग 'मूथोन' (शब्द, बोलणं), मग 'एतेल्ले' असा क्रम आहे. एपिला अव्यय समजून आणि तेल्लोचा अर्थ वेगळा शोधत बसलात तर वाक्य लागत नाही. दोन्ही जोडून एपितेल्लो (आज्ञा करणे) उघडा, लगेच सुटेल. वैदिक उपसर्ग असेच सुटे फिरतात. सुट्या अव्ययाला जवळपास नाम मिळत नसेल तर पुढच्या क्रियापदाला ते चिकटवून पाहायचं, ही सवय लावून घ्या.

*'काता' आखडतो.* काता हा उपसर्ग पुढच्या व्यंजनात विरघळतो: 'काल्लिपे' म्हणजे कातालेइपोचं रूप (मागे सोडून जाणे), 'कात्थाने' म्हणजे कातथ्नेस्कोचं (मरणे). 'का' नंतर जोडाक्षर दिसलं की काता आठवा.

*स्वर फुगलेले.* 'होरोओन्तेस' असं लांबलचक रूप होराओ (बघणे) या क्रियापदाचं आहे. वृत्तात बसण्यासाठी स्वर ताणला आहे एवढंच.

*एका क्रियापदाचे अनेक धातू.* 'पश्यति' आणि 'ददर्श' एकाच क्रियेची रूपं असतात ना, तसं एर्खोमाइ (येणे-जाणे) याचा भूतकाळ 'एलुथोन', फेरो (वाहणे) याचा भविष्यकाळ 'ओइसो'. अशांची यादी फार मोठी नाही, सरळ पाठ करा.

चांगली बातमी ही की आउटेनरीथ आणि कन्लिफ दोघेही अशी बरीच अवघड रूपं वर्णक्रमात देतात आणि 'अमुक क्रियापद पाहा' म्हणून पाठवतात. म्हणजे रूप ओळखता आलं नाही तर आधी ते जसं आहे तसं शोधून पाहायला हरकत नाही.

शब्द मुळाक्षरानुसार लागला तरी अर्थ चुकवणारे दोन छोटे शब्द सांगून ठेवतो. 'हो', 'हे', 'तो' ही पुढच्या काळातली ग्रीक उपपदं होमरमध्ये बहुतेक वेळा सर्वनामं असतात, अगदी आपल्या 'स, सा, तत्' सारखी (नातंही तेच आहे). आणि 'के' किंवा 'केन' दिसलं की ते अभिजात ग्रीकमधल्या 'आन' या निपाताचं काम करतंय असं धरा.

४. दुसरा कोश: कन्लिफ

आउटेनरीथबरोबर इलियडचे एक-दोन सर्ग झाले की त्याचं तोकडेपण जाणवायला लागतं. 'मन', 'जीव', 'छाती' अशा अर्थांच्या थुमोस, फ्रेन, प्सुखे या शब्दांना तो दोन-तीन प्रतिशब्द देतो आणि ते तुमच्या ओळीत बसत नाहीत. तेव्हा रिचर्ड जॉन कन्लिफ घ्या. कोश १९२४ चा. याच माणसाने त्याआधी, १९१० मध्ये, शेक्सपिअरच्या शब्दांचा कोश केला होता. एकाच कवीच्या भाषेपुरता कोश कसा रचावा याचा सराव आधीच झालेला, आणि तो पानापानांत दिसतो.

कन्लिफची नोंद वरून खाली अशी वाचायची. आधी शब्द आणि लागू असेल तिथे कंसात त्याचं मूळ किंवा जुनं रूप. क्रियापद असेल तर मग होमरमध्ये त्याची जी रूपं प्रत्यक्ष आली आहेत ती काळानुसार, ओळीच्या संदर्भासह. हा भाग लोक ओलांडून जातात. तसं करू नका, तुमचं अडलेलं रूप तिथेच ओळखून ठेवलेलं असतं. त्यानंतर क्रमांक घातलेले अर्थ आणि प्रत्येक अर्थाखाली ओळींचे संदर्भ.

आता ती युक्ती. कन्लिफ संदर्भ देताना हात आखडता घेत नाही. फार वारंवार येणारे शब्द सोडले तर बहुतेक शब्दांच्या नोंदीत तुमची ओळ कुठल्या अर्थाखाली टाकली आहे हे सापडतं. म्हणजे नोंद पहिल्यापासून वाचत बसायची नाही, आधी नजरेने आपल्या ओळीचा आकडा शोधायचा, मग त्याच्यावरचा अर्थ वाचायचा. आउटेनरीथमध्ये हे होत नाही, महाकोशात क्वचित होतं. कन्लिफ विकत घ्यायचं मुख्य कारण हेच आहे, असं मला वाटतं. अर्थात तो कन्लिफचा निर्णय असतो, देववाणी नव्हे. तुमच्या संदर्भात दुसरा अर्थ जास्त शोभत असेल तर तसं लिहून ठेवा.

आकडा शोधायचा तर त्याची लिहिण्याची रीत कळायला हवी. सर्गांचे क्रमांक तो अक्षरांनी देतो: मोठ्या लिपीतलं अक्षर म्हणजे इलियड, लहान लिपीतलं म्हणजे ओडिसी. मोठं आल्फा म्हणजे इलियडचा पहिला सर्ग, लहान आल्फा म्हणजे ओडिसीचा पहिला. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नसल्यामुळे नजर हा फरक पटकन टिपत नाही आणि ओडिसीची ओळ इलियडमध्ये शोधत बसायला होतं. दुसरं, काही मोठी अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात पण ती ती नव्हेत. एचसारखं दिसतं ते ईटा, म्हणजे सातवा सर्ग. पीसारखं दिसतं ते रो, सतरावा. एक्ससारखं दिसतं ते खी, बाविसावा, हेक्टर मरतो तो. ईटा इथे सात आहे हेही लक्षात ठेवा. ग्रीक संख्यालेखनात ईटा म्हणजे आठ, पण सर्ग मोजताना वर्णमालेतली जागा धरतात.

विशेषनामं मात्र मूळ कन्लिफमध्ये नाहीत. ती त्याने १९३१ मध्ये वेगळ्या पुस्तकात दिली. ओक्लाहोमा विद्यापीठ प्रकाशनाच्या २०१२ च्या वाढवलेल्या आवृत्तीत दोन्ही एकत्र आहेत. नवी प्रत घेताना ही आवृत्ती आहे ना ते बघा. जुनी प्रत मिळाली तरी फार बिघडत नाही, नावांसाठी आउटेनरीथ आहेच. फक्त इलियडच्या दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी वाचताना नावांचा पाऊस पडतो, तेव्हा नावांचा कोश नसेल तर तो भाग पहिल्या वाचनात खुशाल सोडा. बापाच्या नावावरून बनलेली नावं ओळखायला शिका: पेलेइआदेस म्हणजे पेलेउसचा मुलगा, अकिलीस. आत्रेइदेस म्हणजे आत्रेउसचा, आणि तो अ‍ॅगमेम्नॉन की मेनेलाओस हे संदर्भावरून ठरवायचं.

५. त्या साध्या इंग्रजी कोशाचं कारण

हे दोन्ही कोश शंभर वर्षांपलीकडच्या इंग्रजीत अर्थ देतात. युक्नेमिदेस या विशेषणासमोर 'वेल-ग्रीव्ह्ड' असं दिसतं आणि मग ग्रीव्ह म्हणजे काय ते शोधावं लागतं: पोटरीवर बांधायचं चिलखत. क्युइरास, बाल्ड्रिक, थोल-पिन हे असेच. हे शब्द इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनाही येत नाहीत, तेव्हा लाजायचं कारण नाही. अर्थ कळला की थेट मराठीत वहीत उतरवा. इंग्रजी प्रतिशब्द उतरवला तर पुढच्या वेळी दोनदा शोधावं लागेल.

६. महाकोश कधी उघडायचा

लिडल आणि स्कॉटचा ग्रीक-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८४३ मध्ये आला, पासोच्या जर्मन कोशावर आधारलेला. जोन्सने सुधारलेली नववी आवृत्ती १९२५ ते १९४० मध्ये भागाभागाने निघाली. तीच आज एलएसजे म्हणून ओळखतात. दोन हजारांवर पानं. तो उघडायची तीन कारणं मला पटतात: शब्द होमरनंतर कसा बदलला हे बघायचं असेल, दोन्ही होमरकोशांचं पटत नसेल, किंवा होमरबाहेरचं काही वाचत असाल.

उघडलात तर हे ध्यानात ठेवा: त्यात मुख्य नोंद बहुधा अभिजात रूपाखाली असते. होमरचा 'एएलिओस' (सूर्य) 'हेलिओस'खाली, 'क्सेइनोस' (पाहुणा, परका) 'क्सेनोस'खाली, 'कूरे' (मुलगी) 'कोरे'खाली. होमरकोशात हेच शब्द होमरच्या रूपात मिळतात. नवख्याने छोट्या कोशापासून सुरुवात करावी याचं हे एक रोकडं कारण.

त्याची मधली आवृत्ती, १८८९ ची, 'मिडल लिडल' म्हणून प्रसिद्ध आहे. बरेच शिक्षक तीच सुचवतात. प्लेटो-झेनोफोनसाठी ठीक, पण फक्त होमर वाचायचा असेल तर तिची गरज नाही.

केंब्रिजचा नवा कोश २०२१ मध्ये दोन खंडांत आला. जॉन चॅडविकने सुरू करून दिलेलं काम जेम्स डिगल यांच्या संपादनाखाली पुरं झालं. इंग्रजी आजचं आहे, अर्थांची मांडणी स्वच्छ आहे. मात्र तो ओळींचे संदर्भ देत नाही, फक्त लेखकाचं नाव देतो. वर सांगितलेली आकडा शोधायची युक्ती तिथे चालत नाही. शिवाय किंमत बघून घ्या. एकट्या होमरसाठी मी तो घेणार नाही.

७. ऑनलाइन साधनं

शिकागो विद्यापीठाचं लोगेयॉन एकाच शोधात अनेक कोश शेजारी-शेजारी दाखवतं, आउटेनरीथ आणि एलएसजे धरून. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियसवर संहितेतल्या कुठल्याही शब्दावर टिचकी मारली की त्याचं विश्लेषण येतं. दोन्ही फुकट. ग्रीक टाइप करायला विंडोजमध्ये 'ग्रीक पॉलिटॉनिक' कळफलक चालू करून घ्या, साध्या आधुनिक ग्रीक कळफलकावर जुन्या सगळ्या खुणा मिळत नाहीत.

पर्सियसची टिचकी वाईट सवय लावते. एकाच रूपाच्या चार-पाच शक्यता ते दाखवतं आणि त्यातली तुमच्या ओळीत कोणती, हे तुम्हालाच ठरवायचं असतं. पहिली दिसली ती उचलली की तेउखेसारख्या ठिकाणी फसायला होतं. शिवाय शब्द शोधण्याचे कष्ट वाचले की तो डोक्यातही राहत नाही. माझी सूचना अशी: आधी स्वतः रूप ओळखायचा प्रयत्न, मग छापील कोश किंवा स्कॅन, आणि तरीही जमलं नाही तर पर्सियस.

'शिकागो होमर' मात्र मुक्त हस्ताने वापरा. होमरमध्ये अर्ध्या-अर्ध्या ओळी जशाच्या तशा पुन्हा येतात, आणि तुमच्या समोरचा शब्दगट आणखी कुठे कुठे आला आहे हे तिथे दिसतं. एखादं विशेषण दहा ठिकाणी कशाकशाला लावलं आहे हे पाहिलं की कोशातल्या व्याख्येपेक्षा जास्त कळतं.

८. व्युत्पत्तीचा मोह

हा इशारा खास संस्कृतवाल्यांना. होमर वाचताना दर दोन ओळींनी ओळखीचं काहीतरी दिसतं: 'कुओन' आणि 'श्वन्', 'क्लेओस' आणि 'श्रवस्'. इलियड ९.४१३ मधलं 'क्लेओस आफ्थितोन' आणि ऋग्वेदातलं 'श्रवः अक्षितम्' यांचं साम्य आदाल्बेर्ट कून याने १८५३ मध्येच दाखवलं होतं. हे सगळं खरं आणि आनंदाचं. पण 'थेओस' आणि 'देव' यांचा काही संबंध नाही, कितीही सारखे वाटले तरी. 'देव'च्या कुळातला ग्रीक शब्द झ्यूस आहे, आपला 'द्यौस्'. तेव्हा कानावर भरवसा ठेवू नका.

आउटेनरीथ आणि कन्लिफ यांनी कंसात दिलेल्या व्युत्पत्तींवरही नको. दोघेही १९५२ मध्ये मायकेल व्हेन्ट्रिसने लिनिअर-बी ही होमरपूर्व ग्रीकची लिपी उलगडण्याच्या आधीचे. व्युत्पत्ती हवीच असेल तर शाँत्रेनचा फ्रेंच कोश (१९६८ ते १९८०) किंवा बेकेसचा इंग्रजी कोश (२०१०) पाहा. आणि ती पाहायची ती ओळ समजल्यावर. मूळ धातूचा अर्थ घेऊन ओळ लावायला गेलं की बहुतेक वेळा ओळ मोडते.

जुन्या रूपांपैकी एक गोष्ट मात्र वाचतानाच उपयोगी पडते. होमरकोशात अनेक शब्दांच्या सुरुवातीला दिगाम्मा हे लुप्त अक्षर दाखवलेलं असतं, उच्चार 'व'. आनाक्स (राजा) हा मूळचा वानाक्स, आणि लिनिअर-बीच्या मातीच्या पाट्यांवर तो तसाच सापडला. इलियड १.७ मध्ये 'ते आनाक्स' असे दोन स्वर शेजारी येऊनही संधी होत नाही, कारण मध्ये तो 'व' उभा आहे. कोशाच्या वर्णक्रमात मात्र त्याला जागा नाही, शब्द आल्फाखालीच मिळतो.

९. अर्थच माहीत नसलेले शब्द

समुद्राला लावलेलं 'आत्रुगेतोस' हे विशेषण घ्या. एक कोश 'नापीक' म्हणतो, दुसरा 'अविश्रांत' सुचवतो. हर्मिसच्या 'आर्गेइफोन्तेस' या बिरुदाचीही तीच कथा. हे प्रश्न आजचे नाहीत. सोफिस्ट अपोलोनिओस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास होमरच्या कठीण शब्दांचा कोश केला, म्हणजे खुद्द ग्रीकांनाही तेव्हा कोश लागत होता. तेव्हा एखाद्या कोशाने ठामपणे एकच प्रतिशब्द दिला म्हणून तो प्रमाण मानू नका. दोन कोश ताडून पाहा, पटलं नाही तर वहीत शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

१०. वहीत काय उतरवायचं

सगळे शब्द उतरवू नका. ओवेन आणि गुडस्पीड यांची १९०६ ची शब्दावली होमरचे शब्द किती वेळा येतात त्यानुसार गट पाडून देते. वरच्या गटांतले शब्द पाठ करायचे, खालचे कोशासाठी सोडायचे. वहीत प्रत्येक शब्दाबरोबर तो जिथे भेटला ती ओळ लिहा. क्रियापद असेल तर भेटलेलं रूप आणि कोशातलं रूप दोन्ही.

आणि फारच नवखे असाल, क्लाइड फारच्या १९२० च्या पाठ्यपुस्तकातून थेट इलियडच्या पहिल्या सर्गावरच ग्रीक शिकत असाल, तर सध्या कुठलाच कोश नको. त्याच्या शेवटी दिलेली शब्दसूची पुरते.

होमर संपवून पुढे जाणाऱ्यांसाठी

हेसिओड किंवा होमरच्या नावावरची स्तोत्रं वाचायला घेतलीत की आउटेनरीथ आणि कन्लिफ दोघेही हात वर करतात, त्यांचं क्षेत्र फक्त इलियड आणि ओडिसी. या सगळ्या जुन्या महाकाव्यांना मिळून एकच कोश आहे, ब्रुनो स्नेलने हाती घेतलेला जर्मन कोश. पहिला भाग १९५५ मध्ये आला आणि काम २०१० मध्ये संपलं. तो जर्मन भाषेत आहे, चार जाड खंडांचा आहे आणि बहुधा विद्यापीठाच्या ग्रंथालयातच बघायला मिळेल. जर्मन येत नसेल तर हेसिओडसाठी एलएसजेकडे वळा. रूपं ओळखायची सवय होमरने लावलेली असेल तर त्याच्या लांबलचक नोंदींतून वाट काढणं आता तितकं जड जाणार नाही.